शाळा कोण बुडवतं?

आमच्या ऑफिसात रजेचा हिशोब माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. पीएल किती उरल्या, सीएल किती, पुढच्या वर्षी किती नेता येतात, किती आपोआप बाद होतात, शुक्रवारी सुट्टी आली तर गुरुवार टाकून सलग चार दिवस कसे जमवायचे... नवीन वर्षाचं कॅलेंडर हातात पडल्या पडल्या लोकांचं हे सगळं पाठ होतं. परवा जेवणाच्या टेबलावर आम्ही सहाजण होतो. त्यातल्या चौघांची मुलं शाळेत जाणारी. मी सहज विचारलं, "या वर्षी तुमच्या पोरांची शाळा किती दिवस बुडली रे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "असतील चार-पाच," एकजण म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मग त्याच पठ्ठ्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. गणपतीत गावी गेलो ते तीन, मेव्हणीच्या लग्नाचे दोन, डोळे आले होते तेव्हा चार, दिवाळीच्या आधी तिकीट स्वस्त होतं म्हणून दोन, एकदा व्हॅन आलीच नाही, एकदा पाऊस होता, एकदा... ताक संपेपर्यंत गाडी चौदावर गेली होती! आणि वर्ष अजून अर्धं बाकी होतं.

गडी काही खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच चार-पाचच वाटत होते. सुटा सुटा दिवस लक्षात राहत नाही, आणि प्रत्येक दिवसाला एक चांगलं कारण असतं. कारण चांगलं असलं की तो दिवस आपण मनातल्या मनात हिशोबातून वजा करून टाकतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात टॉड रॉजर्स आणि आवी फेलर या दोन संशोधकांनी नेमका हाच प्रकार तपासला. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २८ हजारांहून जास्त घरांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि काही गटांतल्या पालकांना वर्षभर अधूनमधून टपालाने साधं पत्र पाठवलं. तुमचं मूल यंदा इतके दिवस गैरहजर आहे. बस्स. धमकी नाही, बक्षीस नाही, उपदेश तर नाहीच. तेवढ्यावर सततच्या गैरहजेरीचं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त घटलं. आपलं मूल किती दिवस घरी राहतं याचा पालकांचा अंदाज मुळातच कमी होता आणि पत्राने तो दुरुस्त केला, एवढाच काय तो चमत्कार. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसरात्र ज्या लॉगच्या नावाने बोटं मोडतो, त्याची हीच तर करामत. लिहून ठेवलेलं असलं की अंदाजाला जागा उरत नाही.

आता थोडं गणित करू या. घाबरू नका, पाचवीचंच आहे. शिक्षण हक्क कायद्यात (तोच, २००९ सालचा आरटीई) शाळा किती दिवस भरली पाहिजे ते स्पष्ट लिहिलंय. पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस, सहावी ते आठवी २२० दिवस. महिन्याला दोन दिवस शाळा बुडणं हे आपल्याला अगदीच किरकोळ वाटतं. दहा महिन्यांत झाले वीस. दोनशेतले वीस म्हणजे दहा टक्के. अमेरिकेत सततच्या गैरहजेरीची म्हणून जी रेघ मानतात ती हीच, दहा टक्के. आणि हाच क्रम पहिलीपासून दहावीपर्यंत चालला तर वीस गुणिले दहा, म्हणजे दोनशे दिवस. प्राथमिक शाळेचं एक अख्खं वर्ष! मूल कुठेही नापास झालेलं नसतं, फी दहा वर्षांची भरलेली असते, आणि शाळा मात्र नऊच वर्षं झालेली असते.

इथे कोणीतरी म्हणणारच, "तुला पोर ना बाळ, लग्नाचाही पत्ता नाही, तू कशाला शहाणपणा शिकवतोस?" मान्य. पण आमच्याकडे टेस्टरने तरी कुठे कोड लिहिलेला असतो? तरी बग त्यालाच दिसतो. शिवाय माझी ताई इथे पुण्यातच राहते आणि चौथीतल्या भाच्याच्या सकाळी मी भरपूर पाहिल्या आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. शाळा बुडवण्याचं बिल आपण मुलांच्या नावाने फाडतो. दांडी मारली, बुट्टी मारली, कंटाळा करतो, लक्षणं काही बरी नाहीत वगैरे. पण प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या बुडलेल्या दिवसांची यादी काढून बसा. त्यातले बहुतेक दिवस मोठ्या माणसांनी बुडवलेले असतात. कधी आईबापांनी, कधी आईबापांच्या साहेबांनी. साहेबांकडे मी नंतर येतो.

आधी, एक दिवस बुडला की नेमकं काय बुडतं ते पाहू. "वर्गाच्या ग्रुपवर टाकतात की सगळं, फोटो बघून वही पूर्ण केली," असं आपण म्हणतो. वही पूर्ण होते, खरंय. पण समजा त्या दिवशी वर्गात हातच्याची वजाबाकी पहिल्यांदा शिकवली. बाईंनी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले, तीन मुलांनी फळ्यावर चुका केल्या, बाकीचे हसले, मग चौथ्याला जमलं. फोटोत यातलं काय येतं? शेवटची बरोबर गणितं! चुका कशा होतात आणि त्यातून बाहेर कसं यायचं, हा त्या दिवसाचा खरा माल होता आणि तो फळा पुसल्याबरोबर गेला. पुढे भागाकार आला की त्यात वजाबाकी लागते, अपूर्णांकात भागाकार लागतो. एक लायब्ररी टाकायची राहिली की पुढचे सगळे मोड्यूल रडतात, तसंच हे. फरक इतकाच की आमचं मशीन लाल अक्षरात एरर देतं. मूल काहीच बोलत नाही. ते गप्प मागे बसतं.

आणि ते गप्प बसलं की पुढचा फेरा सुरू होतो. काल काय झालं ते कळत नाही, म्हणून आजचं कळत नाही. डब्याच्या सुट्टीतल्या खेळाचे गट कालच पडलेले असतात, आज त्यात जागा नसते. मग उद्या पोटात दुखतं. पोट दुखतं म्हणून घरी, घरी राहिला म्हणून परवा अजून कठीण. आपल्याला वाटतं की मुलाला शाळा आवडत नाही म्हणून ते जात नाही. बरेचदा गेलेलं नसतं म्हणून आवडेनाशी झालेली असते.

तर आता ते बुडलेले दिवस जातात कुठे? माझ्या हिशोबाने त्यांचे चार-पाच खड्डे ठरलेले आहेत.

पहिला खड्डा सकाळचा. उठायला उशीर, मोजे सापडेनात, व्हॅनचा हॉर्न, रडारड, आणि शेवटी "जाऊ दे, आज राहू दे." ही सकाळ मुळात आदल्या रात्रीच हरलेली असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलंय. साडेसहाला उठायचं तर मूल साडेनऊच्या आत झोपलेलं हवं. आता तुमच्या घरी साडेनऊला काय चाललेलं असतं ते आठवा. बाबांचा अमेरिकेशी कॉल, आईचा लॅपटॉप, टीव्हीवर मॅच, आणि सगळ्यांच्या मधे "झोप रे आता" असा अधूनमधून एक आवाज. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण हेच, मुलांची झोप होत नाही. (ज्या शाळांना अगदीच शक्य नाही त्यांच्यासाठी सवलतीची वाट ठेवली होती, हेही आलंच.) चांगला निर्णय आहे. पण शाळा नऊची झाली म्हणून आपण झोपायची वेळ साडेअकरा केली तर मुलाच्या पदरात काय पडलं? शून्य.

ताईच्या घरी यावर एक साधा तोडगा आहे. रात्रीच्या जेवणाआधी दप्तर भरून दाराशी, युनिफॉर्म खुर्चीवर, मोजे बुटात खोचलेले, बाटली ओट्यावर. भाचा हे स्वतः करतो आणि ताई फक्त एकदा नजर टाकते. नऊला घरातले सगळे मोबाईल, मोठ्यांचे सुद्धा, हॉलमधल्या टेबलावर चार्जिंगला. दाजींनी सुरुवातीला खूप कुरकुर केली होती म्हणे. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री चेकलिस्ट तपासतात, सकाळी गिऱ्हाईक समोर बसल्यावर नाही. तोच न्याय इथे.

दुसरा खड्डा आजारपणाचा. हा खरा आहे आणि यात घाई नको. ताप असेल, उलट्या-जुलाब होत असतील तर मूल घरीच हवं. औषधाशिवाय ताप उतरून एक पूर्ण दिवस गेला की मग शाळा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांना खपल्या धरेपर्यंत घरी. बाकीच्या तीस मुलांच्या आईबापांवर एवढी मेहरबानी करायलाच हवी. पण नुसती सर्दी, जराशी कणकण वाटतेय पण थर्मामीटर काही दाखवत नाही, रात्री लग्नाला गेल्यामुळे आलेली सुस्ती... यासाठी शाळा बुडवायची गरज नाही. घरात नियम आधीच ठरलेला असला की सकाळी सात वाजता वाटाघाटी होत नाहीत. आणि आजार टाळण्याची कामं तर अगदी कंटाळवाणी आहेत. हात धुणं, लसी वेळेवर, जंताच्या गोळ्या. जंतांची गोष्ट तर गमतीची आहे. केनियात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी शाळांमधून जंताच्या गोळ्या दिल्या तेव्हा गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. त्यांचा हा अभ्यास २००४ साली आला आणि पुढे २०१९ मध्ये क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या कामासाठी. आपल्याकडेही शाळेत आणि अंगणवाडीत ही गोळी फुकट मिळते. त्या दिवशी तरी शाळा बुडवू नका!

तिसरा खड्डा समारंभांचा आणि सहलींचा. इथे माझ्यावर दगड पडणार आहेत, पण बोलतोच. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याचं विमान आणि हॉटेल मिळून जो आकडा होतो, तो आठवडाभर आधी गेलं तर कितीतरी कमी होतो हे मलाही माहीत आहे. आम्हीच लिहितो त्या किमती ठरवणारे प्रोग्राम! आणि गावची जत्रा, सख्ख्या आत्याचं लग्न हे सोडा असं मी म्हणणार नाही. मुलाने तेही पाहिलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की जून महिन्यात शाळेचं कॅलेंडर आलं की ते घरातल्या कॅलेंडरवर उतरवा आणि वर्षाचं एक बजेट ठरवा. समजा पाच दिवस. मुलाची सीएल म्हणा हवं तर. गणपतीत तीन गेले, उरले दोन. मग मेव्हणीच्या लग्नाला हळदीपासून जायचं की फक्त मुहूर्ताला, हा निर्णय आपोआप होतो. स्वतःच्या रजांबाबत आपण हे बिनबोभाट करतोच ना? मुलासमोर ठरवलं तर आणखी बरं. शाळा ही काहीतरी मोलाची गोष्ट आहे, तिचे दिवस मोजून खर्च करायचे असतात, हे त्याला शब्दांशिवाय कळतं.

चौथा खड्डा सगळ्यात फसवा. "आज शाळेत काही नाहीये." परीक्षा संपल्यावरचा आठवडा, गॅदरिंगच्या तालमी, सुट्टीच्या आदला दिवस. काही नाहीये म्हणजे तासिका नाहीत. पण स्टेजच्या मागे उभं राहून घाबरलेल्या मित्राला धीर देणं, लंगडीच्या टीममध्ये राखीव गडी म्हणून बसणं, बाईंशी अभ्यास सोडून इतर गप्पा मारणं... आता मला शाळेतलं जे आठवतं ते बरंचसं या "काही नाहीये"वाल्या दिवसांतलंच आहे. तुमचंही तसंच असेल. आठवून पाहा.

पाचवा खड्डा खोल आहे. मूल सरळ "मी जाणार नाही" म्हणतं. किंवा म्हणत नाही, पण रविवारी संध्याकाळी त्याचा चेहरा उतरतो आणि सोमवारी पोटात कळ येते. ही कळ नाटकी असते असं समजून धपाटा घालण्यापूर्वी जरा थांबा. भीतीने पोट खरंच दुखतं. आपलं नाही का अप्रेझलच्या सकाळी दुखत? आधी डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या, आणि मग शोध घ्या. बसमध्ये कोणी त्रास देतंय का? फळ्यावरचं दिसत नाही, म्हणजे चष्मा लागलाय का? शाळेतलं शौचालय इतकं घाण आहे का की मूल दिवसभर पाणीच पीत नाही? कोणी वर्गासमोर अपमान केला का? "शाळा कशी होती?" या प्रश्नाचं उत्तर जगभरात एकच आहे, "चांगली." त्याऐवजी "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" असं विचारून बघा. सलग चार दिवस उत्तर "एकट्याने" आलं तर कुठे पाहायचं ते कळेल.

आणि शोध चालू असताना शक्यतो शाळा चालू ठेवा. (मारहाण किंवा त्याहून गंभीर काही असेल तर अर्थातच नाही, तिथे आधी मुलाची सुरक्षितता.) कारण घरी ठेवलेला प्रत्येक दिवस परत जाणं जड करतो. अर्धा दिवस पाठवा, गेटपर्यंत सोबत जा, आवडत्या बाईंना विश्वासात घ्या, पण दोर तुटू देऊ नका. घरी राहिलंच तर तो दिवस कार्टून आणि मॅगीचा नको. आणि हो, "थांब, शाळेतच सांगते तुझ्या बाईंना!" ही धमकी कृपया बंद करा. रोज ज्या जागेची भीती घालायची तिथेच सकाळी हसत हसत जायला सांगायचं, हे कुठल्या लॉजिकमध्ये बसतं?

जाता जाता बक्षिसांबद्दल. शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्रक आपल्याला फार गोड वाटतं. कॅलिफोर्नियात सहावी ते बारावीच्या पंधरा हजारांवर विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. पूर्ण हजेरी लावाल तर बक्षीस, असं आधी सांगून फरक पडला नाही. आणि झालेल्या हजेरीबद्दल अचानक प्रमाणपत्र दिलं, तर त्या मुलांची पुढची हजेरी उलट थोडी घसरली! संशोधकांचा अंदाज असा की "आपण इतरांपेक्षा फारच जास्त येतोय की काय" असा संदेश मुलांनी त्यातून घेतला असावा. शिवाय शंभर टक्क्यांच्या नादात तापाने फणफणलेलं पोर शाळेत येतं आणि दहाजणांना ताप वाटून जातं, ते वेगळंच. हजेरी ही रोज दात घासण्यासारखी असावी. दात घासल्याबद्दल कोणी ढाल देत नाही.

असो. आतापर्यंतचं सगळं अशा घरांसाठी झालं, जिथे कॅलेंडर आपल्या हातात आहे. आता साहेबांकडे येतो.

ज्यांच्या हातात कॅलेंडर नाही, त्यांच्या मुलांना शाळेत कसं आणायचं याचा विचार आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं चाललाय. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा कायदा आणला, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया, लक्षात घ्या. गोखल्यांनी १९११ मध्ये हाच विषय विधेयक म्हणून कलकत्त्याच्या कायदे मंडळात नेला आणि १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. म्हणजे शिक्षण हक्क कायदा यायला त्यानंतर सत्त्याण्णव वर्षं लागली. या कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं म्हटलंय, पण दंड मात्र नाही. मला हे बरोबर वाटतं. कारण मधल्या काळात आपण एक गोष्ट शिकलो होतो. १९९५ मध्ये देशात पोषण आहाराची योजना आली तेव्हा बऱ्याच राज्यांत ८० टक्के हजेरीच्या अटीवर महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शिजवून द्या, शाळेतच द्या. तेव्हापासून हजेरी आणि जेवण एकाच दारातून आत येऊ लागलं. ज्या घराला जे अडतं ते पुरवलं की हजेरी लागते. दंडाने फार तर नाव लागतं.

उसतोडीचं उदाहरण घ्या. बीडकडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती पाडव्याच्या आसपास परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे न जाणं शक्य नसतं. पोरं सोबत गेली की धाकट्याला सांभाळणं आणि पाणी भरणं त्यांच्याकडे येतं आणि शाळेचं अर्धं वर्ष गेलं. यावर उपाय म्हणून गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करतात, म्हणजे पोरं आजी-आजोबांकडे गावी राहतात आणि जेवणाखाण्याची व्यवस्था शाळेमार्फत होते. जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे आईबाप पोरांना मागे ठेवतात. जिथे गाड्या निघून गेल्यावर मंजुरी येते, तिथे ठेवणार कोणाच्या भरवशावर? तेच आईबाप, तीच माया. फरक फक्त तारखेचा.

"बीड लांब आहे रे," असं म्हणाल, तर आपल्या स्वयंपाकघरात या.

आमच्या फ्लॅटवर पोळ्या करायला एक मावशी येतात. गेल्या महिन्यात एका बुधवारी त्यांची सातवीतली मुलगी सकाळी नऊ वाजता त्यांच्यासोबत होती, कडेवर धाकटा भाऊ. मी विचारलं, "मावशी, ही शाळेत नाही गेली?"

"जाईल की उद्या. बारक्याला ताप हाय दोन दिस झालं. त्याला कोण बघणार? अन् मला सुट्टी मिळंना. सी विंगच्या वहिनींकडं पाव्हणे आलेत, त्यांनी तर सात वाजताच बोलावलंय."

मुलगी चांगली हुशार आहे, इंग्रजी वाचून दाखवते. तिला शाळा आवडते. तिच्या आईला तिने शिकावं असं आपल्या कोणाहीपेक्षा जास्त वाटतं. रात्री दप्तर भरलेलंच असतं. मी वर लिहिलेल्या पाचही खड्ड्यांत हे घर बसत नाही. मग त्या मुलीचे ते तीन दिवस कोणी बुडवले? एका विंगमध्ये पाहुणे आले म्हणून ते बुडले. मावशींची सात घरं आहेत आणि सातांपैकी एकाही घराच्या नियमात "मूल आजारी असेल तर भरपगारी सुट्टी" हे कलम नाही. आपल्या स्वतःच्या ऑफिसात ते नसतं तर आपण एचआरला मेलवर मेल पाठवले असते.

पालकांनी मुलांच्या हजेरीसाठी काय करावं, यावर आपण तावातावाने बोलतो. पण पालक म्हणून त्या बाईला जे करायचंय ते करण्याची मोकळीक देणारे किंवा काढून घेणारे आपण आहोत. आमच्या फ्लॅटवर आम्ही तिघांनी मिळून आता चार गोष्टी ठरवल्या आहेत. घरात मूल आजारी असेल त्या दिवशी सुट्टी, पैसे न कापता. शाळेत पालकसभा असेल तर वेळ बदलून. ऐनवेळी "आज लवकर या" नाही, आदल्या दिवशी विचारायचं आणि नाही म्हटलं तर नाही. आणि शाळेच्या वेळेत मुलगी मदतीला आली तर तिला काम सांगायचं नाही. खर्च किती? महिन्यातून एखाद्या दिवशी बाहेरून आणलेल्या पोळ्या. तिघांत वाटला तर एका कॉफीहून कमी.

एका घराने सातातला एक सातांश प्रश्न सुटतो, हे मला कळतं. म्हणून हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडायचं आहे. पार्किंगवर दोन तास भांडतो तिथे यालाही दहा मिनिटं मिळतील. शेजारी नवीन टॉवर उभा राहतोय, तिथल्या मजुरांची पोरं दिवसभर वाळूच्या ढिगावर असतात, त्यांच्याबद्दल बिल्डरला विचारणं हेही त्याच दहा मिनिटांतलं. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानेच त्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असायला हव्यात, आणि परिसरातली मुलं शाळेत नियमित येतात की नाही हे पाहणं हे त्या समितीचं काम आहे. आपल्या मावशी अशा समितीवर जाऊ शकतात. मीटिंगच्या दिवशी आपण त्यांना सुट्टी दिली तर!

बाकी आज रविवार आहे आणि उद्या शाळा आहे. एक कागद घ्या, जूनपासून मुलाची शाळा कधी कधी बुडली ते आठवेल तसं लिहा आणि प्रत्येक तारखेपुढे खरं कारण लिहा. मग तो कागद फ्रिजवर लावा. फार काही करायची गरज पडत नाही, आकडा समोर असला की पुरतो. आणि उद्या सकाळी कामाला येणाऱ्या मावशींना फक्त एवढंच विचारा, "पोरं शाळेत गेली का?" नाही म्हणाल्या तर पुढचा प्रश्न "का?" असा विचारू नका. "मग आज तुम्ही लवकर निघता का?" असा विचारा.